हिमोग्लोबिन कमी, पण कशानं?

नमस्कार श्रोतेहो.

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी एकाच ओळीवर जाते. हिमोग्लोबिन किती? आकडा कमी दिसला की कुणीतरी म्हणतंच, "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या सुरू करा." माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झाली, आणि हे वाक्य कानावर पडलं की मला अजून राहवत नाही. हिमोग्लोबिन कमी असणं हे रोगाचं नाव नव्हे. 'अंगात ताप आहे' म्हणण्यासारखं ते आहे. ताप कशानं आला हे आपण विचारतो ना? मग इथं का विचारत नाही?

दोन रिपोर्ट तुमच्यापुढे ठेवते. आकडे पाठ करायचे नाहीत, नुसते ऐका. पहिल्यात हिमोग्लोबिन 8 ग्रॅम, एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी 39 लाख, आणि पेशीचं सरासरी आकारमान, ज्याला रिपोर्टात एमसीव्ही म्हणतात, ते 68. दुसऱ्यात हिमोग्लोबिन 11, पेशी 59 लाख आणि एमसीव्ही 62. एमसीव्ही साधारण 80 ते 100 असायला हवं, म्हणजे दोघांच्याही पेशी लहान. पण दुसऱ्या माणसाची गंमत बघा. पेशी आणखी लहान, आणि संख्या मात्र चांगल्या धडधाकट माणसापेक्षा जास्त! कारखाना दणक्यात चाललाय, फक्त डबे अर्धवट भरून बाहेर पडताहेत. हे दोन रिपोर्ट इथंच बाजूला ठेवू. त्यांचा उलगडा व्हायला आधी कारखान्यात जायला हवं.

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ पसरायचा, वाळला की रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हजारो गुलाबी चकत्या दिसतात. प्रत्येकीची कड गडद आणि मध्यभाग फिका, कारण पेशी मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली असते. व्यास साधारण साडेसात मायक्रॉन, म्हणजे 130-140 पेशी ओळीनं मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिला धडा हाच द्यायची: मधला फिका ठिपका किती मोठा आहे ते बघा. पेशीच्या एक तृतीयांशाहून तो मोठा झाला की हिमोग्लोबिन कमी भरलंय हे यंत्राच्या आकड्याआधी डोळ्यांना कळतं.

या पेशीला केंद्रक नाही. म्हणजे होतं, तिनं ते टाकून दिलं. हाडांच्या मगजात, अस्थिमज्जेत, ती जन्मते तेव्हा इतर पेशींसारखीच केंद्रकवाली असते. आठवडाभरात ती काही वेळा विभागते, हिमोग्लोबिन भरत जाते, आणि शेवटी केंद्रक चक्क बाहेर ढकलते. नंतरचे एक-दोन दिवस, आधीच काढून ठेवलेल्या जनुकांच्या नकलांवरून, उरलंसुरलं हिमोग्लोबिन बनवते. मग ते कामही थांबतं. पुढे साधारण 120 दिवस ती दुरुस्तीशिवाय धावते. नवं प्रथिन नाही, नवा सुटा भाग नाही. स्वतः वाहून नेत असलेला ऑक्सिजनही ती वापरत नाही, कारण तो जाळणारी यंत्रणाही तिनं टाकलेली असते. एवढा निरिच्छ हमाल दुसरा सापडायचा नाही.

अशा पेशी शरीरात साधारण 25 लाख कोटी असतात, आणि झिजलेल्यांची जागा भरायला दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तयार होतात. हा वेग ठरवतं कोण? मूत्रपिंड. तिथल्या काही पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची चाहूल लागली की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, आणि ते मज्जेत जाऊन काम वाढवा म्हणून सांगतं. पेशीला ही चाहूल कशी लागते, याचा छडा लावणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रोग्याचा चेहरा पांढुरका दिसतो त्याचं मोठं कारण हेच. मज्जा ठीक असते, तिला निरोपच येत नाही.

आता हिमोग्लोबिन. नावातच दोन भाग आहेत, हीम आणि ग्लोबिन. हीम म्हणजे एक चपटं कडं आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. ग्लोबिन म्हणजे प्रथिनाची साखळी. अशा चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा, एकमेकींत गुंतवायच्या, प्रत्येकीच्या खोबणीत एक हीम बसवायचं, की झाला एक रेणू. एका पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू असतात.

हीमचं कडं आठ पायऱ्यांत घडतं, आणि त्याची वाट थोडी विचित्र आहे. पहिली पायरी पेशीतल्या मायटोकाँड्रियात होते, तिथं बी-6 जीवनसत्त्व लागतं. मग अर्धवट माल बाहेर येतो, मधल्या पायऱ्या बाहेर उरकतात, आणि शेवटच्या पायऱ्यांसाठी तो पुन्हा आत जातो. अगदी शेवटी कड्यात लोह बसतं. शिसं अंगात गेलं तर या साखळीतली दुसरी आणि शेवटची अशा दोन पायऱ्या अडवून धरतं, म्हणून शिसं भिनलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन उतरतं. तिथं नुसतं लोह देऊन भागत नाही, आधी शिसं येतंय कुठून ते शोधावं लागतं. आणि शेवटच्या पायरीला लोहच हजर नसेल तर? काम थांबत नाही, लोहाच्या जागी जस्त बसवलं जातं. दिसायला कडं पुरं, पण ऑक्सिजन धरायच्या कामाचं नाही.

लोहाच्या बाबतीत शरीर इतकं चिक्कू आहे की ऐकून नवल वाटेल. मोठ्या माणसाच्या अंगात सारं मिळून तीन-चार ग्रॅम लोह, आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. मज्जेला नव्या पेशींसाठी रोज वीसेक मिलिग्रॅम लागतं. अन्नातून मात्र रक्तात येतं ते एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं कुठून येतं? जुन्या पेशींतून. प्लीहा, यकृत आणि मज्जेतल्या भक्षक पेशी म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळतात, हीम फोडतात आणि लोह पुन्हा कामाला लावतात. उरलेल्या कड्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. पेशी वेळेआधी भराभर फुटू लागल्या की डोळे पिवळे दिसतात ते त्यामुळं. यकृतात काही बिघडलेलं नसतानाही.

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही. शरीर आधी कोठार रिकामं करतं. फेरिटिन ही तपासणी कोठारात किती शिल्लक आहे ते सांगते. कोठारात खडखडाट झाला की मग पेशी लहान नि फिक्या निघायला लागतात. उपचारात हाच क्रम असतो, फक्त उलटा. आधी हिमोग्लोबिन भरतं, कोठार मागाहून. बरेच लोक आकडा सुधारला की गोळ्या सोडतात आणि वर्षभरात पुन्हा दारात हजर! आकडा जागेवर आल्यावरही तीनेक महिने गोळी चालू ठेवायची, ती कोठारासाठी. आणि मोठ्या माणसात, विशेषतः पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत, लोह कमी निघालं तर ते जातंय कुठं हे शोधायलाच हवं. पोटातून गुपचूप रक्त जात असेल तर गोळ्यांनी आकडा वर चढेल आणि आतला अल्सर किंवा कर्करोग तसाच झाकला जाईल. या बाबतीत मी कडक बोलते, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

बी-12 किंवा फोलेट कमी असेल तेव्हा चित्र उलटं दिसतं. डीएनए वेळेवर तयार होत नाही, पेशी विभागायची राहून जाते आणि नुसती फुगत जाते. एमसीव्ही शंभरच्या वर जातं. तिथं लोह देणं म्हणजे पाय मोडल्यावर हाताला पट्टी बांधणं.

आता ग्लोबिनच्या साखळ्यांकडे येऊ. अल्फा साखळीची जनुकं आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर आणि बीटाची अकराव्यावर. दोन वेगळ्या ठिकाणी माल तयार होतो, आणि तो जोडीला बरोबर पुरायला हवा. इथं दोन तऱ्हांची चूक होऊ शकते. साखळी घडते नीट, पण पुरेशी घडत नाही: हा थॅलेसेमिया. साखळी पुरेशी घडते, पण चुकीची: याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सिकलसेल.

सिकलसेलची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. 1904 साली शिकागोत ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यक शिकणारा एक तरुण दवाखान्यात दाखल झाला. त्याच्या रक्तात एका शिकाऊ डॉक्टरला विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. त्या डॉक्टरचं आडनाव आयर्न्स, हा निव्वळ योगायोग. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते छापलं. पुढे 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रोग्याचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगानं सरकतं. दोष रेणूतच होता. नंतर काही वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी तो नेमका पकडला. बीटा साखळीत 146 मणी, म्हणजे अमिनो आम्लं. त्यातला सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा हवा, तिथं व्हॅलिन आहे. जनुकात एकच अक्षर बदललेलं.

एका मण्यानं एवढं काय होतं? ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलिनला नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की तो व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन रुततो, त्याचा त्याच्या शेजारच्यात, आणि पाहता पाहता रेणूंचे लांब ताठ दोर वळले जातात. पेशी आतून ताणली जाते नि विळ्यासारखी वाकते. अशी पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकते, मागची वाहतूक तुंबते आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं असह्य कळा येतात. एरवी 120 दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते. मग हे जनुक पिढ्यानुपिढ्या टिकलं कसं? अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं की आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या मुलांना मलेरिया फारसा जिवावर बेतत नाही. एक प्रत ढाल, दोन प्रती आजार.

बाकीच्या बिघाडांना आज धावती भेट. पेशीच्या पापुद्र्याचा आधार कच्चा असेल तर चकतीचा गोळा होतो आणि प्लीहेच्या अरुंद फटींतून निघताना तो अडतो. जी-6-पीडी हे विकर कमी असेल तर पेशी एरवी ठीक असते, पण प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की भराभर फुटते. हे विकर कमी असल्याचं एकदा कळलं की प्रत्येक नव्या डॉक्टरला ते आधी सांगायचं, न विचारता.

आता बाजूला ठेवलेले रिपोर्ट पुन्हा पुढं ओढू. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागायचं, संख्या दशलक्षात धरायची. पहिल्या रिपोर्टात 68 भागिले 3.9, साधारण साडेसतरा. दुसऱ्यात 62 भागिले 5.9, साडेदहा. तेराच्या वर आलं तर संशय लोहाच्या कमतरतेचा, खाली आलं तर थॅलेसेमियाच्या वाहकाचा, म्हणजे ज्याच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत आहे त्याचा. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नव्हे. फेरिटिन पाहायचं आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी करायची. दुसऱ्या माणसाचं फेरिटिन व्यवस्थित निघालं आणि हिमोग्लोबिन ए-2 साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं, तर तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक. त्याचं लोह भरपूर आहे, कमी पडते ती साखळी. त्याला लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या तरी 11 चे 13 होणार नाहीत. आणि शरीराला जादा लोह बाहेर टाकायचा मार्गच नाही.

तो स्वतः आजारी नाही, हे त्याला पहिल्यांदा सांगायचं. बहुतेकांचा जीव तिथंच भांड्यात पडतो. दुसरी गोष्ट जोडीदाराच्या तपासणीची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता की बाळाला दोन्ही बिघडलेली जनुकं मिळतील. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती शक्यता घटत नाही, आणि पहिलं आजारी झालं म्हणूनही नाही.

असं बाळ जन्मताना मात्र ठणठणीत असतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होते, बीटा सुरू व्हायला हवी ती होत नाही, आणि बाळ फिकं पडू लागतं. मग दर काही आठवड्यांनी रक्त. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह, जे हृदयात नि यकृतात साठतं, म्हणून ते काढायला वेगळं औषध. गॅमा बंद करणारं बटण जनुकांत कुठं आहे ते सापडलंय. रोग्याच्याच मज्जेतल्या मूळ पेशी काढून ते बटण कातरायचं, आणि पेशी परत द्यायच्या, असा उपचार ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी मंजूर केला. जुनी मज्जा आधी तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते, काही आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, आणि खर्चही अवाढव्य. तरी ज्याला तो लागू पडतो त्याचं रक्त काचपट्टीवर पसरलं, तर आत पाळण्यातल्या बाळाचं हिमोग्लोबिन काम करत असतं, मोठ्या माणसाच्या अंगात.

आणि आपल्या त्या दुसऱ्या रिपोर्टवाल्याचं काय? तो दारातून मागं वळून विचारतो, "मग गोळ्या बंद करू का?"

हो. लोहाच्या बंद. आणि हा रिपोर्ट जपून ठेवा, लग्नाआधी लागेल.

नमस्कार.