आत्याच्या शोकेसमधली फुलदाणी

देवळालीत सकाळी खिडकीची तावदानं थरथरली की बाहेरगावचा पाहुणा दचकतो, घरातलं मात्र कोणी मान वर करत नाही, "फायरिंग चालूये" एवढं म्हणतात आणि चहा ओतत राहतात. सैन्याची तोफखान्याची शाळा, स्कूल ऑफ आर्टिलरी, इथेच, तोफा डागायचा सराव होतो त्या रेंजही इथल्याच, त्यामुळे या आवाजाची सवयच असते.

आणि ही आमच्या आत्याची फुलदाणी. पितळी आहे, चांगली जड आहे, तळाला गोल कड आलीये. ही २५ पाउंडर तोफेची केस आहे, म्हणजे ज्या नळकांड्यात दारू भरून गोळा उडवतात ते. तोफेची नळी ८७.६ मिलिमीटरची, आणि हीच तोफ आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ च्या लढाईत वापरली. काकांनी ही केस कधीतरी भंगारवाल्याकडून आणली, आत्या त्यात निशिगंध ठेवते. मागच्या दिवाळीत भाच्याने विचारलं, आत्याआजी, हे घरात ठेवणं गुन्हा आहे का? आणि खरं सांगतो, आम्हा दहा-बारा मोठ्या माणसांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

मग मी १९५९ चा शस्त्र कायदा वाचायला घेतला. पहिला धक्का व्याख्येतच बसला. आपल्याला वाटतं दारू लागते, काडतूस लागतं, तेव्हा बंदूक होते. कायदा म्हणतो स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर कुठलीही वस्तू फेकायला बनवलेलं हत्यार म्हणजे अग्निशस्त्र. आता आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांत पाखरं हाकलायला जो कार्बाइडचा पाइप वाजवतात त्यातून नुसता आवाज येतो, काही फेकलं जात नाही, पण उद्या कोणी गंमत म्हणून त्यात दगड घातला की तोच पाइप या व्याख्येच्या शब्दांत बसायला लागतो. (आणि गंमत तर नकोच, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच कार्बाइड गनने कितीतरी पोरांचे डोळे गेले.)

पण भाच्याचा प्रश्न तोफेचा नव्हता, तोफेत जे घालतात त्याचा होता. दारूगोळ्याची व्याख्या वेगळी आहे आणि ती फार लांबलचक आहे: रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड, तोफेचे गोळे, फ्यूज, शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा. त्यातला एक गट प्रतिबंधित आहे, तो सामान्य माणसाने जवळ ठेवायचाच नाही. ठेवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त १४.

या गटात बॉम्ब, ग्रेनेड, तोफेचे गोळे तर येतातच, आणखी काय येतं? नाशिकला त्र्यंबक रोडवर पोलीस अकादमी आहे, महाराष्ट्राचे फौजदार तिथे घडतात. पेपरात आपण वाचतो ना, "पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या", ती नळकांडी आणि ती उडवणारी गॅस गन, दोन्ही प्रतिबंधित. कारण कायदा गोळीचा आकार बघत नाही, तिच्या पोटात काय आहे ते बघतो, अपायकारक वायू किंवा द्रव आहे का, किंवा तो भरण्यासाठी ती बनवलीये का. म्हणजे आत्ता रिकामी आहे एवढं सांगून सुटका होत नाही. मला सगळ्यात विचार करायला लावलं ते हे, की हाच अश्रुधूर रासायनिक शस्त्रबंदी कराराने युद्धात शत्रूवर वापरायला मनाई आहे, गर्दी पांगवायला मात्र पोलिसांना मुभा आहे, आणि तुम्हाआम्हाला तो घरात ठेवायलाच बंदी.

अमेरिकेत हाच हिशोब फार बारीक केलाय. तिकडे ३७ मिलिमीटरचा लाँचर नुसते सिग्नलचे फ्लेअर उडवायला असेल तर चालतो, पण त्याच्याबरोबर रबरी गोळ्यांचे किंवा बीनबॅगचे (छऱ्यांच्या छोट्या पिशवीचे) राउंड सापडले की तोच लाँचर 'विध्वंसक उपकरण' ठरतो. ४० मिलिमीटरच्या लाँचरचा सरावाचा राउंड, ज्यातून नारिंगी पावडर उडते, तो मोकळा विकत मिळतो, आणि खरा स्फोटक ग्रेनेड असेल तर एकेका नगाची वेगळी नोंदणी आणि एकेकावर २०० डॉलर कर. आपल्या व्याख्येत ग्रेनेड म्हणजे ग्रेनेड, पावडरचा का स्फोटकाचा असा भेद तिथे केलेला नाही.

मग फुलदाणी? तर कलम ४५ मध्ये एक बारीकशी ओळ आहे, किरकोळ सुटे भाग, जे बाकीच्या भागांशी जोडून वापरायचा इरादा नाही, त्यांना हा कायदा लागू नाही. आणि सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, आपल्याकडे काय आहे हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

पण इथे एक गोष्ट अगदी हात जोडून सांगायचीये. केस तोफेजवळच पडते, आणि लांब रेंजवर जाऊन पडतो तो गोळा. दोन्ही भंगारात किलोवर जातात म्हणून लोकांना सारखेच वाटतात, पण रेंजवरचा गोळा फुटायचा राहिलेला असू शकतो, आणि तो कायद्याने किरकोळ भाग नाही, आख्खा प्रतिबंधित दारूगोळा आहे. गुरं चारताना असं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, गुरं मागे घ्या आणि ११२ ला फोन करा, बाकी काम सैन्याची माणसं करतील.

आत्याच्या शेजारी तोफखान्यातून रिटायर झालेले एक काका राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी फुलं बाजूला काढली, पाणी मोरीत ओतलं, केस उलटी करून तळ दाखवला. मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, त्यावर तोफेची पिन आपटल्याचा खोल खड्डा. "उडवलेलीये वहिनी, आत काही नाही," एवढंच म्हणाले. आत्याने चिंच लावून ती घासली, नवं पाणी भरलं आणि निशिगंध परत ठेवला.