गॅलरीतली 42 पावलं

(काळोख. पाण्याचा आवाज. हळूहळू पहाटेची गॅलरी दिसू लागते.)

गिरगावातली एक चाळ. दुसरा मजला. पहाटेचे साडेचार वाजलेत आणि नळाला पाणी आलंय.

मावशींकडे बघा. कळशी भरली. आता उचलताना त्या कमरेतून वाकत नाहीत. आधी गुडघे मोडतात, कळशी पोटाशी घेतात आणि मग उठतात. मोरीकडे वळायचं तर आधी पाऊल वळतं, कंबर त्याच्या मागून. हे कुणी शिकवलं, असं आम्ही विचारलं. म्हणाल्या, "शिकवायचंय काय त्यात? लांब धरली की जड लागते."

जड लागतेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, वर बादलीचं वजन वेगळं. अल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. माणूस आडवा असताना दाब सगळ्यात कमी. पुढे वाकून वजन उचलताना तो कितीतरी पटीनं चढतो. मावशींनी सुई घातली नव्हती, पण चाळीस वर्षं पाणी भरलंय.

(त्याच गॅलरीत दिवसाउजेडी. थाळ्यांचा गजर.)

हे चित्रण 22 मार्च 2020 चं. संध्याकाळचे पाच. जनता कर्फ्यू. कठड्याला टेकून सगळी चाळ उभी आहे. ताटं, पळ्या, गणपतीतली झांज, जे हाताला लागलं ते. चित्र हलतंय, कारण फोन धरणाराही दुसऱ्या हातानं ताट वाजवत होता. पुढची बरीच दृश्यं अशीच आहेत. कुठे फोन उभा धरलाय, कुठे कोपऱ्यात बोट आलंय. आमच्याकडे तेवढंच आहे.

त्याच रात्री लोकल थांबली. लोकलचा रोजचा प्रवासी सुमारे पाऊण कोटी. त्यातला एक कोपऱ्यातल्या खोलीतला दादा. वय अडतीस. ऑफिस वांद्र्याला. "व्यायाम करतोस का?" असं त्याला कुणी विचारलं असतं, तर तो ओशाळून "नाही, वेळच मिळत नाही" म्हणाला असता. आता त्याचा दिवस मोजू. दोन जिने उतरायचे. चर्नी रोडपर्यंत चालायचं, उशीर झाला तर धावायचं. पुलाच्या पायऱ्या. मग गाडीत उभं. एक हात कडीला, पाठीवर बॅग, आणि गाडी रुळ बदलेल तसं अंग सावरणं. ते सावरताना पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे स्नायू सतत कामाला असतात. पुन्हा पूल, पुन्हा चालणं. संध्याकाळी हेच सगळं उलट. मुंबईच्या माणसाचा आखाडा त्याच्या पासात होता. पास बंद झाला आणि आखाडाही गेला.

दादाचं ऑफिस मात्र चालूच राहिलं. दहा बाय बाराच्या खोलीत.

(पलंग. लोडाला टेकलेला माणूस, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप.)

पहिले तीन आठवडे असे गेले. हा फोटो त्याच्या बायकोनं काढलाय, चिडवायला म्हणून. मान बघा. माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलोचं. ते खांद्यांच्या वर असलं तर कणा ते सहज पेलतो. पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना ते दिवसभर धरून ठेवावं लागतं. आणि कंबर? कंबरेचा आतला बाक पार नाहीसा झालाय. पाठ एखाद्या जुन्या पिशवीसारखी खाली बसलीय.

चौथ्या आठवड्यात वाळत घातलेल्या कपड्याचा चिमटा खाली पडला. दादा तो उचलायला वाकला आणि तिथेच राहिला. उसण भरली.

चाळीत उसण भरली की सल्ल्याला तोटा नसतो. शेक घे. पट्टा बांध. पायाळू माणसाकडून लाथ मारून घे, हेही एका आजोबांनी सुचवलं, आणि लॉकडाऊनमध्ये पायाळू आणायचा कुठून, यावर गॅलरीत खरोखर चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर होतं: मणक्यात गॅप आला असणार. महिनाभर हलू नकोस.

(फोनच्या पडद्यावर व्हिडिओ कॉल. फिजिओथेरपिस्ट ताईंच्या हातात कण्याचा सांगाडा.)

या ताई चाळीतल्याच, लग्न होऊन बोरिवलीला गेलेल्या. चित्र अडकतंय, पण आवाज नीट आहे. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. आपल्या कण्यात 33 मणके असतात. खालचे 9 एकमेकांना सांधलेले, वरचे 24 हलणारे. हलणाऱ्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. मग तिला खाऊ कोण घालतं? वरच्या-खालच्या मणक्यातून पाझरून येणारं पाणी आणि त्यातलं पोषण. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा गादी दबते, पाणी सोडते. संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी बुटके असतो, ते यामुळे. रात्री आडवं पडलं की ती पाणी पुन्हा ओढून घेते. लादी पुसायचं फडकं बादलीत पिळून पुन्हा बुडवतो ना, तसं. आणि दिवसा हे पिळणं-बुडवणं चालू ठेवायचं तर अंग हलतं हवं. एकाच जागी बसलेल्या माणसाचं फडकं पिळलेलंच राहतं.

"आणि गॅप?" दादाचा प्रश्न.

ताई हसतात. पन्नाशीतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिक जणांच्या गाद्या थोड्याफार फुगलेल्या दिसतात. केस पिकतात तसंच ते. बहुतेक पाठदुखीत एक अमुक जागा दाखवता येत नाही, आणि बहुतेकांची उसण काही आठवड्यांत आपसूक ओसरते. अट एकच. अंथरूण धरायचं नाही. दुखतंय तेवढं सांभाळून हिंडत-फिरत राहायचं. हे ऐकून गॅलरीतल्या अर्ध्या लोकांचे चेहरे पडले.

मात्र एक गोष्ट ताईंनी दोनदा सांगितली, म्हणून आम्हीही सांगतो. पायातली ताकद गेली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर वाट बघायची नाही. लॉकडाऊन असो, नसो, थेट हॉस्पिटल गाठायचं. पाठदुखीबरोबर ताप असेल, पडल्याचा मार असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

(शिलाई मशीन. जवळून.)

हे आजीचं पायाचं मशीन. त्याचं डोकं आत वळवून ठेवलं, वर फळी टाकली, फळीवर डाळ-तांदळाचे दोन चपटे डबे आणि त्यांच्यावर लॅपटॉप. आता पडदा डोळ्यांसमोर आला. कळफलक वेगळा, शेजारच्या पोराच्या जुन्या कॉम्प्युटरचा, 'ए' अक्षर पुसून गेलेला. खुर्ची जेवणाची. कमरेच्या बाकात गुंडाळी केलेला टॉवेल, त्याला दोन रबरबँड. खुर्चीचे पैसे ऑफिसकडे मागितले होते. उत्तर म्हणून बसण्याच्या योग्य पद्धतीची एक पीडीएफ आली.

आता कॅमेरा खाली येतोय. पाय बघा. मशीनचा पट्टा काढलाय, पण पायटा तसाच आहे. मीटिंगभर दादाचा पाय त्यावर चालू. खाट-खूट, खाट-खूट. पलीकडून कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?"

ताईंना हे भलतंच आवडलं. त्यांच्या मते बसण्याची एकच बरोबर पद्धत असं काही नसतं. ताठ बसा, रेलून बसा, मांडी घाला, पण अर्ध्या तासाच्या वर तसेच राहू नका. फोनवर बोलायचं तर उभं राहून बोला. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नका, पेला ठेवा. उठावं तर लागेल.

(गॅलरी. संध्याकाळ. लाकडी कठडा, त्यावर पाऊस-उन्हानं झिजलेली नक्षी. चालणारे पाय.)

आणि ही गॅलरी.

शंभरच्या वर पावसाळे पाहिलेली. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला सामायिक नळ, मधे अकरा बिऱ्हाडं. हिच्यावर गहू निवडले गेले, लोणच्याच्या फोडी वाळल्या, दहावीचे अभ्यास झाले, लग्नं जमली आणि एक-दोन मोडलीही. मे महिन्यात उकडलं की माणसं इथे वळकट्या टाकून झोपत. उंच इमारतीत फ्लॅट घेऊन गेलेले आमचे नातेवाईक म्हणायचे, चाळीत काय आहे, दहा बाय बारा. त्यांना दारात चप्पल काढण्यापुरती जागा होती. आम्हाला ही होती.

मावशींनी पावलं मोजली. जिन्यापासून नळापर्यंत 42. जाऊन-येऊन 84. बारा फेऱ्या झाल्या की हजार पावलं. मोजायला घड्याळ नको, फोन नको. कठड्यावर दोन वाट्या. एकीत बारा चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. सकाळी डावीकडून उजवीकडे, संध्याकाळी उजवीकडून डावीकडे.

आठवडाभरात नियम झाले. एका वेळी एकच बिऱ्हाड. मास्क लावून. दाराबाहेरच्या चपला आत, नाहीतर कुणीतरी अडखळायचं. वेळा खडूनं दारावर लिहिलेल्या. पावणेसहा ते सहा, पहिली खोली. सहा ते सव्वासहा, दुसरी. आपल्या वेळेची वाट बघत लोक दारात उभे राहू लागले, आणि उभं राहिलं की पुढचं आलंच. कठडा धरून टाचा वर, टाचा खाली. भिंतीला हात टेकून उभ्यानं जोर. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. शिवाजी पार्कवर मल्लखांबाला जाणारा तळमजल्यावरचा मुलगा जिन्याच्या वळणावर दंड-बैठका काढायचा. त्याचा खांब मैदानात, मैदान बंद. त्याचं बघून चौथीतल्या दोघी जिना चढू-उतरू लागल्या, गुण ठेवून.

अण्णांचं दृश्य मात्र पूर्ण बघा.

(पांढरा सदरा, मागे बांधलेले हात, संथ चाल.)

अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. डबलडेकरवर. दिवसभर वर-खाली, वर-खाली. लंडनच्या बसमध्ये अशीच वर-खाली करणाऱ्यांचा एक अभ्यास 1953 साली प्रसिद्ध झाला होता, जेरेमी मॉरिस यांचा. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. तो हृदयाचा अभ्यास, पाठीचा नव्हे, हे कबूल. पण अण्णांना सांगितला तेव्हा त्यांनी हातातलं तिकिटाचं पंच वाजवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ड्रायव्हरला पगार जास्त होता."

मे महिन्यात तळमजल्यावर पेशंट सापडला. इमारत सील झाली. गॅलरी रिकामी.

(रिकामी गॅलरी. वीस सेकंद. निवेदन नाही.)

त्या दिवसांतली फक्त एक फीत आहे, खोलीतली. दादा सतरंजीवर ओणवा. हात-पाय टेकून पाठ वर, मग खाली. मार्जारासन. शेजारी चार वर्षांची मुलगी तेच करतेय, तोंडानं म्यांव म्हणत. नंतर दोघं पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर उचलतात. सेतुबंध. मुलगी पुलाखालून चारचाकी नेते. पूल दहा श्वास टिकला पाहिजे, नाहीतर अपघात.

3 जूनपासून राज्यात बाहेर चालायला, पळायला, सायकलला परवानगी मिळाली, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. हे मरीन ड्राइव्हचं चित्रण त्याच आठवड्यातलं. एवढी माणसं एकदम पाय मोकळे करताना मुंबईनं क्वचितच पाहिली असतील. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि मुद्दाम सांगितलेलं हे, की थोडी हालचालही काहीच नसण्यापेक्षा बरी. चिंचोक्यांचा हिशोब आम्ही करून पाहिला. मावशींच्या दोन्ही वेळच्या फेऱ्या मिळून आठवड्याला दीडशे मिनिटांच्या आसपास जात होत्या.

लोकल सर्वांना खुली झाली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक वेळांत. दादा आता आठवड्यातून तीन दिवस वांद्र्याला जातो. चाळीतल्या दोघांची फिजिओथेरपी चालू आहे. एकाची नोकरी गेली. एका खोलीला कुलूप आहे.

(पुनर्विकासाचा नकाशा, टेबलावर पसरलेला. त्यावर बोट फिरतंय.)

हा नव्या इमारतीचा आराखडा. हॉल इथे, बेडरूम इथे, संडास घरात. मावशींना तो फार आवडलाय, आणि का आवडू नये? साठीत जिन्याशेजारच्या संडासासमोर रांग लावायची हौस कुणाला असते? त्यांनी फक्त एवढंच विचारलं की लिफ्टसमोरची मोकळी जागा किती पावलांची. आर्किटेक्टनं फुटात सांगितलं.

(कठडा. दोन वाट्या.)

वाट्या अजून इथेच आहेत. चिंचोके मात्र नऊच. उरलेले तीन, पोरांनी सारीपाटाला नेलेत.