चावी बंद झाल्यानंतरचे तीस सेकंद

मंडळी, मिरकरवाड्याच्या जेटीला नौका लागली की तांडेल चावी फिरवतो, इंजिन बंद करतो आणि उतरतो. आत बसवलेल्या रास्पबेरी पायचं, म्हणजे एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचं, शटडाउन होईपर्यंत तो थांबणार नाही, आणि त्यानं थांबावं असं म्हणणंच चूक आहे. ते काम सर्किटचं. त्यावरची लिनक्स ही प्रणाली कार्डावर लिहीत असताना वीज गेली तर फाइल अर्धी राहते. एसडी कार्ड आतल्या आत डेटा हलवत असेल, तर जुना डेटाही जातो.

मग बोर्ड थेट बॅटरीवरच ठेवलं तर? 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, म्हणजे 61 दिवस, 1,464 तास. शटडाउन झालेलं बोर्ड कन्व्हर्टरसकट (बॅटरीचा व्होल्टेज बोर्डापुरता उतरवणारं सर्किट) 50 मिलीअँपिअर जरी घेत राहिलं, तरी 73 अँपिअर-तास गेले. ऑगस्टमध्ये सेल मारायला, म्हणजे इंजिन सुरू करायला, जाल तेव्हा स्टार्टर नुसता टकटक करेल. बंद म्हणजे पुरवठाच तुटला पाहिजे.

त्यासाठी पॉझिटिव्ह वायरवर, फ्यूजच्या पुढे, पी-चॅनल मॉसफेट लावा, म्हणजे गेट खाली ओढलं की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. गेट-सोर्समध्ये 100 किलोओहम आणि 12 व्होल्टचा झेनर, म्हणजे गेटवर जास्त व्होल्टेज येऊ न देणारा डायोड. गेट खाली ओढायला एनपीएन ट्रान्झिस्टर, मध्ये 10 किलोओहम. ट्रान्झिस्टरच्या बेसला दोन वाटा, दोन्हींत डायोड: चावीकडून 10 किलोओहममधून, पायच्या जीपीआयओ 26 या पिनकडून 4.7 किलोओहममधून. बेसपासून ग्राउंडला 100 किलोओहम विसरू नका. चावीनं बोर्ड उठतं. कॉन्फिग फाइलमध्ये 26 नंबर आउटपुट आणि हाय लिहिलेला असला की पुढे ते आपला पुरवठा आपणच धरून ठेवतं.

चावीची स्थिती वाचायला पीसी817 ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी उजेडातून सिग्नल देणारा भाग. 12 व्होल्टला 2.2 किलोओहम, 24 ला 4.7; दोन्हीकडे साधारण 5 मिलीअँपिअर. त्याचा एलईडी उलटे 6 व्होल्टच सोसतो, म्हणून त्याला उलटा 1एन4148 जोडा.

सेल मारताना बॅटरी 8 व्होल्टपर्यंत बसू शकते, चावीची लाइनही क्षणभर जाते. कन्व्हर्टर 6 व्होल्टपासून चालणारा घ्या, आणि लाइन सलग 30 सेकंद मेलेली असेल तरच चावी बंद झाली असं माना.

आता खरी मेख. त्या वेळी पायला पॉवरऑफ (बंद हो) देऊ नका, रीबूट (बंद होऊन पुन्हा सुरू हो) द्या. पॉवरऑफ चालू असताना तांडेलानं चावी पुन्हा फिरवली, तर पुरवठा चावीच्या वाटेनं चालूच राहतो आणि बोर्ड झोपलेलंच राहतं. रीबूटमध्ये फाइलसिस्टम आधी सुरक्षित होते, मग चिप रीसेट होऊन 26 नंबर सुटतो. चावी बंद असेल तर वीज तिथेच तुटते. चालू असेल तर बोर्ड सरळ पुन्हा उठतं.

वायर कथिल चढवलेली वापरा. उघड्या तांब्यावर खाऱ्या हवेत कळंक चढतो. सर्किटवर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ थर, द्या, पण कनेक्टर झाकून. बसवल्यावर चावी रीबूटच्या ऐन मध्यात दहा वेळा तरी फिरवून बघा.