ऑपरेशननंतरचं चालणं मोजायचं कसं

(दृश्य: खुब्याचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी. पहिल्यात मांडीच्या हाडाची मोडलेली मान, दुसऱ्यात तिच्याखालचं मोडलेलं हाड.)

खुब्याच्या ऑपरेशननंतरचं चालणं घरातल्या साध्या यंत्रांनी कसं मोजायचं, ते बघू. त्याआधी थोडं हाडाविषयी. खुब्याचं हाड मोडलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. ते मुख्यतः दोन ठिकाणी मोडतं. एक तर सांध्यात बसणाऱ्या गोळ्याखालच्या बारीक मानेत, नाहीतर तिच्याही खाली, जिथे मोठे स्नायू चिकटतात त्या उंचवट्यांच्या दरम्यान. यातलं नेमकं काय झालंय आणि कोणतं ऑपरेशन केलंय, हे डिस्चार्जच्या कागदावरून समजून घ्या. पुढचे दोन-तीन महिने घरात काय चालेल आणि काय नाही, ते त्यावर ठरतं.

मान मोडून हाड सरकलं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून वयस्कर माणसात ते जोडण्यापेक्षा गोळाच बदलतात. खालचं हाड मोडलं असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा बहुधा शाबूत असतो. तिथे हाडाच्या पोकळीत रॉड घालून त्यातून गोळ्यापर्यंत स्क्रू नेतात, किंवा बाहेरून प्लेट लावतात.

गोळा बदललेला असेल, आणि त्यातही चीर मागच्या बाजूने घेतलेली असेल, तर सांधा निखळू शकतो. पाटावर बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, खुर्चीत बसून खाली पडलेली वस्तू उचलणं, हे सगळं सर्जन सांगतील तोवर बंद. रॉड घातलेल्यांना निखळण्याची भीती नसते. त्यांच्या बाबतीत जपायचं असतं ते ठिसूळ हाडातून वर घुसणाऱ्या स्क्रूला. स्क्रूचं टोक गोळ्याच्या शिखरापासून किती दूर आहे, ते सर्जन समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेवर मोजतात. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू हाड कापून बाहेर येण्याचा धोका बराच कमी होतो. घरी मात्र एक खूण लक्षात ठेवा. आधी चालणारं माणूस अचानक जांघेत दुखतंय म्हणून थांबलं, पाय आखूड दिसू लागला किंवा बाहेरच्या बाजूला वळला, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी एक्स-रे काढायचा.

(दृश्य: पलंगाच्या कडेला बसलेल्या आजी. समोर वॉकर.)

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. प्रत्येक वेळी पाऊण तास धरला, तर आठवड्याचा दीड तास झाला. उरलेल्या वेळात काय होतं, ते कुणीच मोजत नाही. "आज चाललात का?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो, चालले की." ते खोटं नसतं. फक्त दोनदा बाथरूमपर्यंत जाऊन येणं आणि दिवसातून दहा वेळा उठणं यातला फरक त्या 'हो'मध्ये दिसत नाही.

पडून राहण्याची किंमत किती मोठी असते, ते २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगातून कळलं. हाड मोडलेलं नसलेल्या, तब्येतीने धडधाकट अशा वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ १ किलो मांस झडलं. ज्यांचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय आणि जेवणही धड जात नाही, त्यांचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

म्हणून घरातल्या तंत्रज्ञानाचं पहिलं काम एकच. उठणं आणि चालणं डोळ्यांना दिसेल असं करायचं.

(दृश्य: वॉकर धरलेल्या मनगटावरचा फिटनेस बँड. आकडा जागचा हलत नाही.)

घरातली मुलं प्रेमाने फिटनेस बँड आणतात आणि आईच्या मनगटाला बांधतात. संध्याकाळी बघावं तर आकडा शंभराच्याही आत. मग आईही खट्टू आणि मुलंही. यात दोष आईचा नाही. मनगटावरचा बँड हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो, आणि वॉकर धरलेला हात झोका घेतच नाही. त्यात चाल संथ असली की पावलाचा धक्काही इतका हलका असतो, की यंत्र त्याला पाऊल मानत नाही. शिवाय बरेच बँड सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत. पलंगापासून खुर्चीपर्यंतची सहा पावलं हिशेबात येतच नाहीत.

उपाय सोपा आहे. बँड घोट्यावर बांधायचा, ऑपरेशन न झालेल्या पायाच्या. दुसऱ्या पायाला सूज असते आणि पट्टा रुततो. एक बोट आत जाईल इतका सैल ठेवा, आणि रात्री काढून खालची कातडी बघा. मग तपासणी. कुणीतरी शेजारून चालत ५० पावलं तोंडाने मोजा आणि बँडचा आकडा बघा. ४५ ते ५५च्या दरम्यान असेल तर यंत्र कामाचं. २५च्या आसपास असेल तर ते एकाच पायाची पावलं मोजतंय, मग दुप्पट करा. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर तो बँड या कामाचा नाही. वहीत उभ्या रेघा मारा, त्या जास्त खऱ्या.

पहिले दोन आठवडे तर पावलांपेक्षा 'उठलो किती वेळा' हेच मोजावं. जागेपणी तासाला एकदा उठायचं, चार-पाच पावलं का होईना टाकायची. पुढच्या आठवड्याचं लक्ष्य मागच्या आठवड्याच्या आकड्यावरून ठरवायचं. इंटरनेटवर दिसणारा १० हजार पावलांचा आकडा या घरात आणूच नये.

नुसत्या आकड्याने माणूस उठत नाही, हेही तितकंच खरं. नेदरलँड्समधल्या सहा शुश्रूषा केंद्रांत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरच्या २४० वृद्धांवर एक अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीची सेवा मिळाली. काहींना त्याबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाचं, मार्गदर्शन मिळालं. तिसऱ्या गटाला हेच मार्गदर्शन मिळालं, शिवाय कमरेला लावायचा सेन्सर आणि घरातले सेन्सर. थेरपिस्ट सेन्सरचा आलेख पेशंटबरोबर बसून बघत, आणि कोणतं काम पुन्हा स्वतःच्या हाताने करायचंय ते दोघं मिळून ठरवत. सहा महिन्यांनी रोजची कामं कशी जमतात, याला पेशंटनी स्वतः दिलेले गुण तिसऱ्या गटात नेहमीच्या सेवेपेक्षा चांगले होते. नुसत्या मार्गदर्शनाच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. आपल्या घरात याचा अर्थ असा घ्यावा: आठवड्यातून एकदा आकडे समोर ठेवून आईशी बोलायचं. "पुढच्या आठवड्यात स्वतःचा चहा स्वतः करायचा का?" हे लक्ष्य तीनशे पावलांपेक्षा जास्त कळतं आणि जास्त पटतं.

(दृश्य: ओट्यासमोर सुई हलणारे दोन वजनकाटे. प्रत्येकावर एक पाऊल.)

दुसरं यंत्र जुनंच आहे. वजनकाटा. पण दोन हवेत, आणि एकाच उंचीचे. पायावर पूर्ण भार द्यायला सर्जननी परवानगी दिली असेल तरच हे करायचं.

दोन्ही काटे स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, न घसरणाऱ्या जागी, जुळवून ठेवा. पेशंटच्या मागे एक माणूस उभा हवा, कारण काट्यावर चढणं ही एक छोटी पायरीच असते. हात ओट्यावर, एकेक पाय एकेका काट्यावर. समजा वजन ५६ किलो आहे. चांगल्या पायाखाली ३१ आणि ऑपरेशनच्या पायाखाली १७ दिसले, तर बेरीज झाली ४८. राहिलेले ८ किलो हातांनी ओट्यावर दिलेत. एका नजरेत तिन्ही गोष्टी कळल्या. आता हात हलके करत, काट्याकडे बघत, भार हळूहळू दुखऱ्या पायावर न्यायचा, पाच मोजेपर्यंत थांबायचं, परत यायचं. असं दहा वेळा. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी.

इथे डिजिटल काटा फसवतो. त्यातले बरेचसे पहिला स्थिर आकडा पकडून ठेवतात, भार बदलला तरी तोच दाखवतात. सुई हलणारा जुना काटा या कामाला उत्तम.

खुर्चीतून उठतानाही पेशंट नकळत सगळा भार चांगल्या पायावर घेतो, आणि मग दुखरी मांडी तशीच बारीक राहते. खुर्ची भिंतीला टेकवा, हात असलेली, बसल्यावर खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील इतकी उंच. दुखऱ्या पायाचं पाऊल चांगल्या पायाच्या पुढे सरकवून उठलं की तो पाय काम टाळतो. दोन्ही पावलं बरोबरीने ठेवा.

(दृश्य: स्टुलावर आडवा टेकवलेला मोबाइल. पलीकडे चालणारे आजोबा.)

तिसरं साधन मोबाइलचा कॅमेरा. व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपी होते, पण बहुतेक कॉलमध्ये थेरपिस्टला दिसतो तो पेशंटचा चेहरा आणि छताचा पंखा. मोबाइल आडवा धरा, कमरेच्या उंचीच्या स्टुलावर टेकवा, अडीच-तीन मीटर दूर. खिडकी मोबाइलच्या मागे हवी, पेशंटच्या मागे नको. साडी किंवा लुंगी असेल तर गुडघा दिसत नाही, त्या अर्ध्या तासापुरती सैल पायजमा किंवा हाफ पँट घालावी. आकडे थेरपिस्टने मोजू नयेत. आवाज मागेपुढे होतो आणि ताल चुकतो. घरच्यांनी मोठ्याने मोजावं. कॉलभर एक माणूस पेशंटच्या शेजारी हवाच.

दर पंधरा दिवसांनी चालण्याचे दोन व्हिडिओ काढून ठेवा, एक बाजूने, एक मागून. मागच्या व्हिडिओत बघायचं ते कंबरेकडे. दुखऱ्या पायावर उभं राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली जात असेल किंवा धड त्या पायाकडे झुकत असेल, तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत. रॉड याच स्नायूंच्या जोडाजवळून आत जातो, म्हणून ही लंगड बऱ्याच जणांत दिसते. पाय बाजूला उचलण्याचे आणि ओट्याला धरून आडवं चालण्याचे व्यायाम तिच्यासाठी असतात. लंगड पाय आखूड झाल्यामुळेही असू शकते, कारण सरकणारा स्क्रू हाडाचे तुकडे मुद्दाम एकमेकांवर बसू देतो. तसं असेल तर सर्जन चपलेला उंची द्यायला सांगतात. व्यायामाने ती जात नाही.

वेग मोजायला फरशीवर ४ मीटरच्या दोन टोकांना चिकटपट्ट्या लावा. पेशंटने मीटरभर आधीपासून नेहमीच्या चालीने यायचं, पट्ट्यांमधला वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. ४ मीटरला १० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, ही घरापुरती चाल. ५ सेकंदांत झालं तर ०.८ मीटर, म्हणजे सोबतीने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा विचार करता येतो.

(दृश्य: रात्र. पलंग, पॅसेज, बाथरूमचं दार.)

पुन्हा पडू नये म्हणून लोक पडल्यावर फोन लावणारं घड्याळ घेतात. ते जोराचा आपटा आणि त्यानंतरची स्तब्धता ओळखतं. पलंगावरून हळूच घसरून खाली बसलेल्या माणसाचा आपटा त्याला कळेलच असं नाही. आणि घड्याळ काढून अंघोळीला गेलं, तर नेमक्या धोक्याच्या जागी ते हातात नसतं. घ्यायचं तर पाण्यात चालणारं घ्या, आणि चार्जिंग टीव्ही बघताना करा.

त्याआधी घ्यावा हालचालीवर लागणारा सेन्सरचा दिवा. तो शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून थेट त्याच्याकडे येणारं माणूस त्याला उशिरा कळतं, आडवं जाणारं लगेच कळतं. म्हणून दिवा वाटेच्या टोकाला न लावता कडेला, गुडघ्याच्या उंचीवर लावा. पहिला पलंगाच्या पायाशी, पाय खाली सोडताच लागेल असा. बरेच दिवे अर्ध्या मिनिटात विझतात, आणि वॉकरवाल्या माणसाला तेवढ्यात बाथरूमचं दारही गाठता येत नाही. वेळ बदलता येणारा घेऊन दोन-तीन मिनिटांवर ठेवा. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा.

घरात बीपीचं यंत्र असेल तर त्याचा एक उपयोग फारसा कुणी करत नाही. पाच मिनिटं आडवं पडल्यावर बीपी घ्या, मग आधाराने उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर उठताना येणारी चक्कर त्यातून असू शकते. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

वॉकरसाठी महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये बँकेत जमा करण्याची तरतूद तिच्यात आहे. वॉकर कुठूनही आणा, उंची मात्र जुळवा: सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरच्या मुठी मनगटाच्या घडीशी यायला हव्यात. खालचे रबरी बूट झिजले की लगेच बदला.

(दृश्य: सहा आठवड्यांनंतरची तपासणी. टेबलावर वही, मोबाइल, जुने एक्स-रे.)

सहा आठवड्यांच्या तपासणीला वही, ४ मीटरची वेळ आणि चालण्याचे व्हिडिओ घेऊन जा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: हाडांच्या ठिसूळपणावर औषध कधी सुरू करायचं? मोडलेलं हाड रॉडने सांधतं, दुसऱ्या बाजूचा खुबा तसाच ठिसूळ राहतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं, वर्षातून एकदा द्यायचं सलाइन २ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत नवी फ्रॅक्चर ३५ टक्के कमी झाली, आणि मृत्यूही २८ टक्के कमी. ते बहुधा ऑपरेशननंतर दोन आठवडे उलटल्यावर देतात. त्याआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम तपासावं लागतं, दातांचं काही काम राहिलं असेल तर तेही सांगावं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, त्यासाठी डॉक्टर पॅरासिटामॉल देतात. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर हे औषध चालत नाही, मग दुसरी औषधं आहेत.