सही केलेला कोरा चेक

नमस्कार श्रोतेहो. आज एका चेकची गोष्ट.

हिमाचल प्रदेशातलं पालमपूर, चहाच्या मळ्यांचं गाव. कालियांचा थोरला सौरभ डिसेंबर १९९८ मध्ये देहरादूनहून लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडला. जाट रेजिमेंटची चौथी पलटण, आणि पहिलीच नेमणूक कारगिलला. निघायच्या वेळी आई स्वयंपाकघरात होती. हा आत गेला आणि सही केलेला कोरा चेक तिच्या हातात ठेवला. मी लांब चाललोय, लागतील तेवढे पैसे काढ, एवढंच त्याचं म्हणणं. आता तुम्हीच सांगा, लेकाच्या पहिल्या कमाईला कुठली आई हात लावते? तिनं तो चेक जपून ठेवला. वटवला नाही तो नाहीच. सही आहे, रक्कम नाही. हल्ली मोबाइलवर बोट टेकवलं की पैसे पोचतात, सोय आहेच. पण त्यात माणसाचं अक्षर उरत नाही. आमच्या घरी हे कुणाला पटत नाही. असो.

१५ मे १९९९ ला सौरभ पाच जवानांना घेऊन काकसर भागात गस्तीला गेला. बर्फ वितळलं की रिकाम्या ठाण्यांवर परतायचं, ही तिथली रीत. वर शत्रू आधीच येऊन बसला होता. चकमक झाली, गोळ्या संपल्या, सहाही जण जिवंत पकडले गेले. युद्धकैद्याला इजा करायची नाही, असा जिनिव्हा करार आहे, १९४९ चा. तरी ९ जूनला परत आले ते सहा देह, अतोनात छळ झालेले. पाकिस्ताननं छळ केल्याचं नाकारलं. त्या जखमांचं वर्णन मी वाचणार नाही, घरात मुलं ऐकत असतील. वडील, डॉ. एन. के. कालिया, न्यायासाठी दारोदार फिरले, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही गेले.

सौरभ बावीस वर्षांचा होता. २९ जूनला तेवीस पूर्ण होणार होती. बावीस, श्रोतेहो.

आणि एक. आपण कार्यक्रमांत अधिकाऱ्याचं नाव घेतो आणि 'पाच जवान' म्हणून पुढे जातो. मला हे मुळीच आवडत नाही. जवानांना नावं नसतात का? अर्जुन राम. भंवरलाल बगारिया. भिका राम. मूला राम. नरेश सिंह. कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल, म्हणून पुन्हा सांगतो. अर्जुन राम, भंवरलाल बगारिया, भिका राम, मूला राम, नरेश सिंह.