विहिरीतला करंट

[दृश्य: दूधगंगेकाठचा ऊस. बांधावर चपलांचा ढीग.]

एप्रिलात सुट्टी लागली की चिकोडी-निपाणीकडच्या मळ्यांतल्या विहिरी पोरांनी भरून जातात. पाठीला डबा, कमरेला दोर, काठावर काका नाहीतर आजोबा. आठ-दहा दिवसांत डबा सुटतो आणि मुटके सुरू होतात. दमल्यावर पोरं कशाला लोंबकळतात, ते बघा. मोटरीच्या लोखंडी पाइपाला.

[दृश्य: पाइप, जवळून.]

त्या पाइपाला लागूनच केबल पाण्यात उतरलीय. मध्ये एक जॉइंट. त्यावर टेपचे चार वेढे, उन्हानं सुटत आलेले.

करंट उतरतो तो अशा ठिकाणी. विहिरीचं गोडं पाणी वीज नेतं, पण नाखुशीनं. माणसाच्या रक्तात मीठ, म्हणून विजेला पाण्यापेक्षा अंगातून जाणं सोपं पडतं. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आपलं ऐकेनासे होतात. हात मारता येत नाहीत, ओरडताही येत नाही. पट्टीचा पोहणारा मुकाट खाली जातो. अंगावर बऱ्याचदा भाजल्याची खूणही नसते. मग गाव म्हणतं पेटका आला, आणि कुणीतरी विहिरीतल्या आसरांचं नाव घेतं.

‘फ्यूज हाय की!’ हे उत्तर हमखास मिळतं. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर ओढते. १० मिलिअँपिअर म्हणजे त्याचा साडेसातशेवा हिस्सा. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यात जाड तार गुंडाळलेली असेल तर विचारूच नका. ही गळती पकडते आरसीसीबी नावाची कळ. गेलेला आणि परतलेला करंट ती ताडून बघत असते. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की ०.३ सेकंदाच्या आत लाईट तोडते. अर्थात, ती बसवली म्हणून चालू मोटरीशेजारी पोहायची मुभा मिळत नाही.

अमेरिकेत हेच बोटींच्या धक्क्यांवर घडत आलंय. (धक्का म्हणजे भाऊच्या धक्क्यातला.) बोटीला दिलेली वीज गळते आणि शेजारी पोहणारा जातो. तिथल्या २०११ च्या वीज नियमावलीनं अशा धक्क्यांवर गळती पकडणारं संरक्षण सक्तीचं केलं. आपल्या नदीला धक्के नाहीत, पण काठानं मोटरी आहेत.

[दृश्य: स्टार्टरची पेटी.]

खरी फसगत या पेटीत आहे. शेतीची थ्री फेज लाईट ठरलेल्या तासांपुरतीच येते, कधी अपरात्री. कोण उठणार? म्हणून स्टार्टर ‘ऑटो’वर. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पोरं उतरली तेव्हा लाईट नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त!

पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर पाइपाला किंवा लोखंडी शिडीला हात लावायचा नाही. जिथं मुंग्या नव्हत्या तिकडं, आल्या वाटेनं मागं फिरायचं. काठावरच्यानं उडी घालायची नाही. एकामागोमाग दोघं जातात ते असेच. आधी मेन स्विच पाडायचा, मग कोरडा बांबू किंवा दोर पुढं करायचा.

[दृश्य: आबा पेटीपाशी. पोरं काठावर थांबलेली.]

आबांनी मेन पाडला. मग तिन्ही फ्यूज उपसून कोपरीच्या खिशात टाकले. खिसा जड होऊन लोंबतोय.

‘हं, आता मारा मुटका.’

[पाण्याचा आवाज.]