सावित्रीच्या मुखापासून दाभोळच्या धक्क्यापर्यंत

नमस्कार.

साताऱ्यात उभं राहून समुद्रावर काय बोलणार, असं मला चार-सहा जणांनी विचारलं. त्यांना मी एवढंच सांगितलं की समुद्र इथून दिसत नसला तरी त्याच्याकडे जाणारं पाणी आपल्या जिल्ह्यातूनच निघतं. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आपण गोमुखापाशी हात जोडतो. कृष्णा, वेण्णा, कोयना या आपल्याकडे वळल्या. सावित्री मात्र कडा उतरून सरळ पश्चिमेला गेली. ती पोलादपूर, महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. आमची चाल तिथून सुरू झाली. सावित्रीचा उगम आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो, तिचा शेवट पाचजणींपैकी एकीनंही पाहिला नव्हता.

आम्ही पाच मैत्रिणी. दोघी निवृत्त शिक्षिका, त्यातली मी भूगोलाची. एक बँकेत आहे, एक परिचारिका होती, एकीचं पोळी-भाजी केंद्र आहे. वय बावन्न ते त्रेसष्ट. रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचा, हा आमचा अकरा वर्षांचा नेम. नाताळच्या सुट्टीला जोडून बँकेतलीला आठ दिवस रजा मिळाली आणि आम्ही निघालो. पाठीवर एकेक पिशवी, त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि ज्यांच्याकडे मुक्काम करायचा त्यांच्यासाठी कंदी पेढे.

आता मुद्द्याचं. कोकणातला किनारा नकाशावर एक रेघ दिसते, पण पायाखाली तो तसा नाही. डोंगराचा एक पाय समुद्रात उतरलेला असतो, मग एक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पुळणीच्या मागं सुरूचं बन, त्यामागं नारळी-पोफळीची आगरं, आगरांत गाव. पुळण संपते तिथं खाडी किंवा दुसरा पाय. पुन्हा तसंच पुढचं गाव. गाडीरस्ता यातलं थोडंच दाखवतो. तो वर सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून जातो, एका गावात उतरतो, पुन्हा चढतो, दुसऱ्या गावात उतरतो. दोन गावांच्या मधला मुलूख गाडीतल्या माणसाला भेटतच नाही. तो चालणाऱ्याचा आहे, आणि तो चालायचा तर समुद्राची परवानगी लागते.

ही परवानगी कशी काढायची, ते थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या सहलीचा सगळा डोलारा त्यावर होता. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारी. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नवाला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. रोज वेळ पाऊण तासानं, कधी पन्नास मिनिटांनी, पुढं सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. हा अंदाज आहे, गावागणिक थोडा फरक पडतो. पण किनाऱ्यावर चालणाऱ्याला तो पुरतो. दुसरी गोष्ट, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ना फार चढत, ना फार उतरत. मी तीस वर्षं वर्गात फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून हे शिकवलं. पण पौष शुद्ध पंचमीला सकाळी केळशीच्या पुळणीवर उभी राहिले, दहाला पाणी खरोखर मागं गेलेलं बघितलं, तेव्हा मला भरून आलं. पाठ शिकवणं आणि पाण्याची वाट बघत उभं राहणं, यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं.

बाणकोटचा हिम्मतगड आणि वेळास पहिल्या दिवशी झालं. वेळास नाना फडणवीसांचं गाव. आता ते कासवांसाठीही ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथं २००२ पासून राखली जातात. पिल्लं बाहेर पडायची ती उन्हाळ्याच्या तोंडावर, आम्ही गेलो तेव्हा त्यांचे दिवस नव्हते. वेळासहून केळशीला आम्ही एसटीनं आणि रिक्षानं गेलो, हे प्रामाणिकपणे सांगते. खरी चाल केळशीपासून दाभोळपर्यंतची.

केळशीच्या खाडीकडे वाळूची मोठी टेकडी आहे. सोळाव्या शतकात समुद्र उसळून आत आला आणि तिनं आकार घेतला असावा, असं काही संशोधकांनी मांडलंय. त्याच गावात याकूबबाबांचा दर्गा आहे, ज्यांना शिवाजी महाराज मानत. तिथून उटंबरचा डोंगर ओलांडायचा, मग आडे, पाडले आणि आंजर्ले.

ओल्या वाळूवर चालणं फार सुखाचं. पाणी नुकतंच उतरलेलं असतं तिथं वाळू फरशीसारखी घट्ट असते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दोन किलोमीटरमध्ये पोटऱ्या भरून येतात. मात्र पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. आमच्या परिचारिका मैत्रिणीचा उजवा गुडघा दुसऱ्याच दिवशी बोलायला लागला, कारण समुद्र सगळा वेळ आमच्या उजव्या हाताला होता. तिनंच उपाय काढला, अधूनमधून पाण्याच्या अगदी कडेला, सपाटीला जायचं. वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या काढलेल्या असतात. पाऊल टाकायला जीव होत नाही. वर, जिथं भरतीचं पाणी सहसा पोचत नाही, तिथं जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो. त्याला मर्यादवेल म्हणतात. समुद्रानं इथवर यावं, पुढं येऊ नये, एवढं सगळं एका नावात! आपल्या भाषेत ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

पाडल्याच्या अलीकडे खडकांवर एक आजी कालवं काढत होत्या. हातात टोकदार लोखंडी अवजार, शेजारी पाण्याचा डबा. कालव खडकाला इतकं चिकटलेलं असतं की खडक कुठला आणि शिंपला कुठला ते आम्हाला कळेना. त्या एका ठोक्यात वरची पाठ उडवायच्या आणि आतला मऊ गर बोटानं डब्यात सोडायच्या. चार-पाच ठोक्यांनंतर एकदा मान वर करून पाण्याकडे बघायच्या. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे. आम्ही तासभर बसलो. मग त्या उठल्या, डबा उचलला आणि म्हणाल्या, "बायांनो, आता खालून नको. पाणी फिरलं. वरून जा." आम्हाला काहीच फिरलेलं दिसत नव्हतं. दहा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो खडक ओला झाला.

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीला गेलो. खाली आगरांत अजून मोकळ्या जागा दिसतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकू सांगत होत्या की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून थेट समुद्र दिसला, आणि तो दिसला म्हणून रडू आलं. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे सासूनं लावलेलं गेलं आणि सुनेनं लावलेलं अजून यायचंय, अशा मधल्या काळात ते घर आहे. त्यांनी आम्हाला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी वाढली आणि पेढ्याचा पुडा देवापुढं ठेवला.

जोगच्या खाडीवर आता पूल आहे. पूर्वी होडीनं पलीकडे जावं लागायचं. पूल हवाच होता, आजारी माणसाला विचारा. पाजपंढरीवरून हर्णैला पोचलो ते दुपारी. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात. संध्याकाळी लिलाव भरला. मचवे लांब उभे राहतात आणि मासळी बैलगाडीनं किनाऱ्यावर येते. पोटापर्यंत पाण्यात उभे बैल आम्ही घाटावरच्या बायकांनी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे बैल नांगराला, फार तर उसाच्या गाडीला. आठवडी बाजारात मी आयुष्यभर सुकट-बोंबील घेत आले, पण पाटी डोक्यावर घेऊन वाळूतून धावणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिथून दापोली तालुक्यातलं मुरुड. आणि मुरुडशी आपलं, सातारकरांचं, एक जुनं येणं-जाणं आहे, ते मला मुद्दाम सांगायचंय.

हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते मुरुडहून साताऱ्याला चालत आले. सोबत मित्र होते. परीक्षेचं ठाणं इथं होतं. पाऊस कोसळत होता. ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या वर, कुंभार्ली घाट चढून. आणि इथं पोचल्यावर परीक्षेला बसू दिलं नाही. का, तर अंगानं लहान दिसतो, वय पुरं वाटत नाही. तो मुलगा हात हलवत परत गेला. याच मुलानं पुढं १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून याच मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. पुढं १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

मुरुडच्या त्या सरळ रस्त्यावरून, दोन्ही बाजूंच्या आगरांमधून आम्ही पाचजणी चालत होतो, तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं. आमच्यातल्या दोघींच्या आया कधी शाळेत गेल्या नाहीत. आम्ही शिकलो, कमावलं, आणि पन्नाशी-साठीत घरी सांगून आठ दिवस फिरायला निघालो. साताऱ्यानं ज्याला दारातून परत पाठवलं, त्याच्या गावात साताऱ्याच्या बायका चालत आल्या होत्या. दुर्गादेवीच्या देवळात आम्ही पाच मिनिटं शांत बसलो.

पुढचा दिवस सप्तमीचा. ओहोटी साडेअकराला. नवाला निघायचं ठरलं होतं, पण आंबोळ्या, गप्पा, मग कर्द्याच्या पाण्यात पाय बुडवून रेंगाळणं, असं करता करता डोंगराच्या पायाशी पोचायला अडीच वाजले. खालचे खडक अजून उघडे होते, म्हणून आम्ही उतरलो. शंभर पावलं गेलो असू. एक लाट पुढच्या घळीत शिरली आणि परत गेलीच नाही. त्या आजींचे शब्द सगळ्यांना एकदमच आठवले. मागं फिरलो आणि करवंदीच्या जाळ्यांतून ओरखडे घेत वर चढलो. भीती वाटली, हो. चूक सगळी आमची होती.

वर जुनी पाखाडी सापडली. जांभ्याच्या पायऱ्या, मधोमध झिजलेल्या, इतक्या झिजलेल्या की वाटीसारखा खळगा पडलाय. किती पायांनी तो पाडला असेल! गवत काढत आम्ही तीस-चाळीस पायऱ्या चढलो आणि पुढं काटेरी तारेचं कुंपण. पलीकडे जमीन सपाट केलेली, प्लॉट पाडलेले. पाखाडी कुंपणाखाली जाते आणि पलीकडे दिसेनाशी होते. कुणाची जमीन, मला माहीत नाही. कायद्यानं त्यांनी बरोबर केलं असेल. पण मला मनापासून वाईट वाटलं. एक गुराखी आला आणि त्यानं आम्हाला कलमांच्या बागेतून वळसा घालून लाडघरला उतरवलं. तो म्हणाला, या वाटेनं आता कुणी येत नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून माझ्या मनात हेच आहे. वाट सातबाऱ्यावर असो-नसो, ती पायांनी राखली जाते. लग्नाची वरात, मासळीची पाटी, शाळेची पोरं, माहेरवाशीण, एवढी माणसं एका वाटेनं गेली म्हणून ती वाट होती. आता सगळे डांबरी रस्त्यानं जातात, आणि त्यांनी जावंच. पण सुट्टीत जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी गाडी एका गावात लावून पुढच्या गावाला चालत जायला काय हरकत आहे? दिवसाला दहा-बारा किलोमीटर. आम्हाला जमलं.

कोळथऱ्यावरून दाभोळला सातव्या दिवशी पोचलो. एके काळी आदिलशाहीचं मोठं बंदर, अंडा मशीद अजून दिमाखात उभी आहे. धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आम्ही चहा घेतला. समोर वाशिष्ठीची खाडी. मी मैत्रिणींना विचारलं, या पाण्यात आपल्या पाटणचं पाणी किती असेल? शिवाजीसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला जातं, पोफळी गावाला वीज करतं आणि वाशिष्ठीत येतं. १,९६० मेगावॉटचा हा सगळा पसारा कोयनेचा. जे पाणी कऱ्हाडला कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराला जायचं, ते इथं आमच्या पायाशी खारट होत होतं. सावित्रीपाशी निघालो आणि कोयनेपाशी थांबलो.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही उलट्या दिशेनं निघणार आहोत. मुरुडहून साताऱ्यापर्यंत, कर्व्यांच्या मार्गानं, कुंभार्ली चढून. हेळवाकपर्यंत काय काय आहे ते बरंचसं समजलंय. हेळवाक ते पाटण आणि पाटण ते उंब्रज, हमरस्ता सोडून बैलांची, पायी माणसांची जुनी वाट कुठून होती, ते मला हवंय. आपल्यापैकी कुणाचं गाव त्या पट्ट्यात असेल, आजोबांकडून काही ऐकलं असेल, तर कार्यक्रम संपल्यावर कृपा करून दोन मिनिटं थांबा. मी वही आणली आहे.